नैसर्गिक वायूची निर्यात आणि हवामानबदल

नैसर्गिक वायूची निर्यात : भूगर्भातून काढलेला नैसर्गिक वायू नळवाहिनीने किंवा द्रवरूपात जहाजाने परदेशी विकण्याचा व्यवहार. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. कोळशापेक्षा स्वच्छ इंधन म्हणून तो विकला जातो आणि जळताना तो तसा असतोही. तेवढीच वीज करायला कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राख नाही, गंधकाचा धूर जवळपास नाही. पण हवामानावरचा त्याचा भार फक्त बर्नरपाशी मोजून भागत नाही. विहीर ते बर्नर हे अंतर जितके लांब, तितका हा भार वाढतो. कोल्हापूर या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहे.

वायू समुद्रापार न्यायचा तर तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव करावा लागतो. आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते आणि जहाजात मावेल असा माल तयार होतो. हाच एलएनजी. (घरच्या सिलिंडरमधला एलपीजी वेगळा, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात.) थंड करण्याची ऊर्जा बहुधा त्याच वायूतून काढतात, त्यामुळे आलेल्या मालातला जवळपास दहावा हिस्सा निर्यात केंद्रातच खर्ची पडतो. टाकीला कितीही जाड वेष्टन असले तरी वाटेत थोडा द्रव उकळत राहतो. ती वाफ जहाजाचे इंजिन जाळते, आणि काही प्रकारच्या इंजिनांतून न जळलेला मिथेन धुराड्यावाटे निसटतो. बंदरात पोचल्यावर द्रवाचा पुन्हा वायू करून तो दाबाखाली वाहिनीत सोडतात.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील सबीन पास केंद्रातून फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिले जहाज निघाले आणि २०२३ पर्यंत अमेरिका जगातला सर्वांत मोठा एलएनजी निर्यातदार झाली. त्याच केंद्राशी 'गेल' या सरकारी वायू कंपनीने केलेल्या दीर्घकालीन करारातले पहिले जहाज मार्च २०१८ अखेर रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला लागले. दाभोळहून बंगळूरूपर्यंत जाणारी गेलची वाहिनी २०१३ पासून सुरू आहे आणि कोल्हापूर जिल्ह्याला वायू तिच्यातूनच मिळतो. गावातल्या सीएनजी पंपावर रिक्षांची रांग लागते, तेव्हा त्या नळीतला सगळाच वायू परदेशी नसतो. पण भारताच्या एकूण वापरापैकी जवळपास निम्मा वायू आयात होतो.

सगळा प्रश्न गळतीपाशी येऊन अडतो. हवेत निसटलेला मिथेन सुमारे बारा वर्षांत विरतो, पण तेवढ्या काळात फार उष्णता धरून ठेवतो. आयपीसीसी या आंतरसरकारी हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार वीस वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे ३० पट. म्हणून गळतीचा एकेक टक्का महाग पडतो. वीजनिर्मितीत वायू कोळशापेक्षा पहिल्या दिवसापासून सरस ठरायचा असेल, तर गळती उत्पादनाच्या ३.२ टक्क्यांच्या आत हवी, असे गणित २०१२ मध्ये मांडले गेले. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या पाहणीत अमेरिकेतील सरासरी गळती २.३ टक्के निघाली. सरकारी अंदाजाहून ती सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन खोऱ्यावर उपग्रहाने केलेल्या मोजणीत ती ३.७ टक्के आढळली. वर ३.२ टक्क्यांच्या त्या मर्यादेत द्रवीकरण आणि जहाजवाहतूक धरलेली नव्हती. कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मध्ये ही सगळी साखळी एकत्र मोजली. त्यांच्या मते वीस वर्षांच्या हिशेबात अमेरिकी एलएनजीचा भार कोळशापेक्षा ३३ टक्क्यांनी अधिक आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेचे आधीचे निष्कर्ष याच्या उलट, वायूच्या बाजूचे होते. फरक पडतो तो गळती किती धरली आणि किती वर्षांचा हिशेब केला यावरून. तापमानवाढ रोखायला हाताशी थोडीच दशके उरली असताना वीस वर्षांचा हिशेब बाजूला सारणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

दुसरी अडचण जमाखर्चाची. पॅरिस कराराखालच्या हिशेबात इंधन जाळल्याचे उत्सर्जन जिथे ते जळते त्या देशाच्या नावावर पडते. उत्खनन आणि द्रवीकरणाचे तेवढे निर्यातदाराकडे, आणि आंतरराष्ट्रीय जहाजांच्या इंधनाचे कोणाच्याच खात्यात नाही. नॉर्वेची वीज बव्हंशी जलविद्युत, नव्या मोटारी बहुतेक विजेवरच्या. पण तिथला तेल-वायू जवळपास सगळा परदेशी जाऊन जळतो आणि नॉर्वेच्या आकड्यांत दिसत नाही. ही पळवाट हळूहळू बुजते आहे. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरे परगण्यातील एका तेलविहिरीच्या खटल्यात सांगितले, की परवाना देताना ते तेल पुढे जाळल्याने होणारे उत्सर्जनही विचारात घेतलेच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात जीवाश्म इंधनांचे उत्पादन, त्यांचे शोधपरवाने आणि त्यांना दिलेली अनुदाने यांचीही जबाबदारी राज्यावर येऊ शकते, असे नमूद केले.

तरीही उत्पादन वाढतेच आहे. नेट झिरो, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, गाठायचे तर आधीच मंजूर झालेल्यांपलीकडे नवी तेल-वायू क्षेत्रे नकोत, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०३० साली सरकारांचे नियोजित जीवाश्म इंधन उत्पादन १.५ अंश तापमानवाढीच्या मर्यादेत बसणाऱ्या पातळीपेक्षा ११० टक्क्यांनी जास्त असेल. कतार आपली क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवरून १४.२ कोटी टनांवर नेत आहे. पेट्रोनेट या भारतीय एलएनजी आयातदार कंपनीने कतारशी केलेला नवा करार २०२८ ते २०४८ असा वीस वर्षांचा आहे, दरसाल ७५ लाख टनांचा. असा करार झाला की टर्मिनल, वाहिन्या, भट्ट्या त्याच इंधनाभोवती उभ्या राहतात आणि सौरवीज स्वस्त झाली तरी त्यांतून बाहेर पडणे अवघड होते.

कोल्हापुरात या वायूची खरी गरज कारखान्यांत दिसते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींतील फाउंड्रींत लोखंड वितळते ते इंडक्शन फर्नेसमध्ये विजेवर किंवा क्युपोला या उभ्या भट्टीत कोकवर. पण वितळलेला रस ओतायचा तर आधी लॅडल (रस ओतायचे भांडे) तापवून कोरडी करावी लागते, नाहीतर ओलाव्याने रस उसळतो आणि माणूस भाजतो. हे काम, शिवाय कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) भाजणे आणि हीट ट्रीटमेंट, पूर्वी डिझेल किंवा फर्नेस ऑइलवर चाले. तिथे वायू आला की शेडमधला काळा धूर जातो. कामगाराच्या छातीला होणारा हा फायदा खरा आहे आणि हवामानाच्या चर्चेत तो झटकून टाकू नये.

दुसरी वाट उसाच्या शेतातून जाते आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. युरियातले नत्र ज्या अमोनियातून येते, तो भारतात नैसर्गिक वायूपासून करतात आणि खत कारखान्यांत जाणारा बराचसा वायू आयातीचा असतो. लागणीच्या उसाला टाकलेले ४५ किलोचे युरियाचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. वायू महागला की फरक सरकारी अनुदानातून जातो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोपने जहाजे चढ्या भावाने उचलली, तेव्हा हे अनुदान प्रचंड फुगले. पिकाने न घेतलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड हवेत जातो तो वेगळाच.

आणि याच जिल्ह्यात पंचगंगेला पूर येतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावे उठवावी लागली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पूररेषेतील बांधकामे, नदीपात्रातले भराव, धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळा ही स्थानिक कारणे आहेतच आणि त्यांची जबाबदारी वातावरणावर ढकलता येणार नाही. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि १९५० नंतर मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने २०१७ मध्ये दाखवले. लुइझियानात विहिरीचा परवाना देणाऱ्या कागदावर शिरोळचा पूर कुठेही नोंदलेला नसतो.

खरेदीदाराच्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार २०२७ पासून आयात वायूच्या विहिरीवर मिथेनची मोजणी होते की नाही, हे आयातदाराने दाखवायचे आहे. दीर्घ करार करणाऱ्या भारतीय कंपन्यांनी तीच अट घालावी. मोठ्या गिऱ्हाइकाचे म्हणणे विक्रेता ऐकतो. जिल्ह्यातली साखर कारखान्यांची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि गोठ्यांतले शेण यांतूनही मिथेनच मिळतो, आणि सीएनजी व पाइपच्या वायूत असा जैववायू मिसळण्याचे बंधन केंद्राने टप्प्याटप्प्याने लागू केले आहे; २०२८-२९ पासून ते पाच टक्के असेल. मात्र संयंत्राचा डोम किंवा जोड गळका असेल, तर शेणातला मिथेनही जवळपास पर्मियनमधल्या मिथेनइतकाच तापवतो. म्हणून अनुदान संयंत्र उभारणीपुरते न देता दरवर्षीच्या गळती तपासणीशी जोडायला हवे.