रेल्वे फाटक अडणं, कलम १७६ आणि गेटमनची जबाबदारी (सोलापूर परिसर)

रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात ती जागा म्हणजे लेव्हल क्रॉसिंग, आपल्या बोलण्यात फाटक नाहीतर गेट. फाटक अडतं ते दोन तऱ्हेनं. कधी पुढं सिग्नल नाही म्हणून गाडीच नेमकी रस्त्यावर आडवी उभी राहते. कधी गाडीचा पत्ता नसतो पण गेट पडलेलं असतं आणि दोन्ही बाजूला टू-व्हीलर, एसटी, शाळेच्या रिक्षा, उसाच्या ट्रॉल्या सगळं तुंबत जातं. या दोन्ही गोष्टींसाठी रेल्वे कर्मचाऱ्याला शिक्षा होऊ शकते अशी तरतूद भारतात आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यातले काहीजण ते गेटमनला दमदाटी करायला वापरतात. गेट अडण्यात बहुतेक वेळा गेटमनच्या हातात काहीच नसतं, हे कळण्यासाठी कायदा आणि गेटचं तंत्र दोन्ही बघावं लागतं.

कायद्यात काय आहे

रेल्वे अधिनियम १९८९ हा १ जुलै १९९० पासून लागू झाला. त्यातलं कलम १७६ थेट याच विषयावर आहे. ड्युटीवरच्या रेल्वे कर्मचाऱ्यानं गरज नसताना सार्वजनिक रस्त्यावर डबे किंवा इंजिन आडवं उभं राहू दिलं, किंवा गरज नसताना फाटक लोकांसाठी बंद ठेवलं, तर १०० रुपयांपर्यंत दंड. कैद नाही. १८९० च्या जुन्या रेल्वे कायद्यातही अशाच अर्थाचं कलम होतं, म्हणजे ही तक्रार बैलगाडीच्या काळापासूनची आहे.

यात किती मिनिटं चालतील ते कुठंच लिहिलेलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं अशी मर्यादा नाही, सगळं अवलंबून आहे ते कारण होतं की नव्हतं यावर. सिग्नल लाल होता, ब्रेकचा पाइप सुटला, इंजिन फेल झालं, समोरून गाडी येत होती, यातलं काहीही असलं की कलम लागू होत नाही. गाडी निघून गेली, पुढची गाडी लांब आहे, गेट उघडता येत होतं आणि तरी माणूस खोलीत बसून राहिला, तरच ते लागतं.

जास्त जड कलम आहे १७५. ड्युटीवर असताना नियम मोडून, आदेश न पाळून किंवा बेपर्वाईनं कुणाची सुरक्षितता धोक्यात आणली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे गेट उगाच बंद ठेवलं तर १०० रुपये आणि गेट बंद करायचं असताना उघडं ठेवलं तर तुरुंग, हा फरक गेटमनच्या डोक्यात ट्रेनिंगपासूनच पक्का बसवलेला असतो, आणि शंका आली की तो बंदच ठेवतो त्याचं कारण हेच आहे. माझ्या मते त्याचं बरोबरच आहे.

माणूस दगावला तर रेल्वे कायद्याच्या पलीकडं प्रकरण जातं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या भादंवि ३०४-अ मध्ये ती दोन वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून वाढली.

शिवाय खात्याची कारवाई वेगळी. रेल्वे कर्मचारी (शिस्त व अपील) नियम १९६८ प्रमाणे सस्पेंड करतात, मग चार्जशीट. स्टाफमध्ये त्याला फॉर्मच्या नंबरानंच ओळखतात, एसएफ-११ म्हणजे किरकोळ शिक्षेची आणि एसएफ-५ म्हणजे मोठ्या शिक्षेची, ज्यात नोकरी जाऊ शकते. फाटकावर गाडी उगाच थांबवली म्हणून कोर्टात १०० रुपये भरण्यापेक्षा इन्क्रिमेंट थांबणं, पगाराची पायरी खाली येणं याची भीती कर्मचाऱ्याला कितीतरी जास्त असते.

गाडी रस्त्यावरच का थांबते

सोलापूर हे मध्य रेल्वेच्या मुंबई-चेन्नई मार्गावरचं विभागीय मुख्यालय. रेल्वे इथं १८६० मध्ये आली. सोलापूरच्या अलीकडं कुर्डुवाडी जंक्शन, तिथून एकीकडं पंढरपूर-मिरज आणि दुसरीकडं बार्शी-लातूर. पलीकडं होटगी जंक्शन, तिथून एक लाईन वाडीकडं आणि एक विजयपूर-गदगकडं. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. मालगाड्यांचं तर विचारूच नका, होटगीजवळ एनटीपीसीच्या वीज केंद्राला कोळसा, त्याच भागात सिमेंट, पाकणीला तेलाचे डेपो. एवढं सगळं याच रुळांवरून जातं, आणि आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या निघतात त्या वेगळ्याच.

आता एक भरलेली मालगाडी म्हणजे साधारण ५८-५९ वॅगन, इंजिनं आणि ब्रेकव्हॅन धरून साडेसहाशे मीटरच्या आसपास लांबी. स्टेशनातल्या लूप लाईनची, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या जादा रुळाची लांबीही जेमतेम तेवढीच. त्यामुळं फाटक जर यार्डाच्या टोकाला असेल, आणि लूपमध्ये जागा नसेल किंवा आधीची गाडी निघाली नसेल, तर मागची गाडी होम सिग्नलला (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला) थांबते आणि तिचे डबे रस्त्यावर आडवे येतात. ड्रायव्हरला आपल्या मागं अर्धा किलोमीटरवर फाटक आहे हे माहीत असतं, पण सिग्नल सोडून पुढं जायचं नाही आणि ५८ वॅगन घेऊन मागंही यायचं नाही, तो तिथंच अडकतो.

ब्रेकचं कारण लोकांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर. मालगाडीच्या सगळ्या डब्यांतून हवेचा एक पाइप जातो, त्यात ५ किलो प्रेशर लागतं. कुठं होज पाइप सुटला (किंवा पॅसेंजर गाडीत कुणी चेन ओढली) की प्रेशर उतरतं आणि ब्रेक लागतात. मग असिस्टंट लोको पायलट नाहीतर गार्ड (२०२२ पासून अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर) गिट्टीवरून चालत एकेक डबा बघत जातो, रात्र असली तर टॉर्च घेऊन, सापडलं की जोडतो, परत येतो, मग शेवटच्या डब्यापर्यंत हवा भरायला आणखी काही मिनिटं. फाटकावर उभ्या माणसाला फक्त उभा डबा दिसतो. पॅसेंजर गाडीत विनाकारण चेन ओढल्यामुळं फाटक अडलं असेल तर दोषी तो प्रवासी, कलम १४१, एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

गेटमनच्या हातात नेमकं काय असतं

फाटकं दोन प्रकारची. इंटरलॉक फाटकाला सिग्नल जोडलेला असतो. गेट पूर्ण बंद होऊन लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल देऊन गाडी जवळ आली की ती पास होईपर्यंत गेट उघडतच नाही, गेटमननं कितीही जोर लावला तरी. लोक हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, 'गाडी कुठाय, उघड की' म्हणतात, पण किल्ली त्याच्याकडं नसते, ती सिस्टिममध्ये अडकलेली असते. इमर्जन्सी किल्ली सीलबंद असते, सील तोडलं की रजिस्टरमध्ये नोंद आणि वर जाब.

नॉन-इंटरलॉक फाटकावर सगळं फोनवर. स्टेशन मास्तर फोन करून गाडी येत असल्याचं सांगतो, गेटमन गेट बंद करतो आणि त्याच्याकडच्या शीटवरचा पुढचा दोन आकडी प्रायव्हेट नंबर मास्तरला देतो. तो नंबर म्हणजे गेट बंद असल्याची त्याची लेखी जबानी. दोन्हीकडच्या रजिस्टरला वेळ आणि नंबर चढतो, आणि उद्या काही झालं तर चौकशीत पहिली वही तीच उघडली जाते.

या पद्धतीचा दुबळा भाग ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पमला दिसला. फाटक नॉन-इंटरलॉक होतं, शाळेची व्हॅन पॅसेंजर गाडीखाली आली, तीन मुलं गेली. गेटमनला लगेच सस्पेंड केलं आणि अटकही झाली. ज्या फाटकावरून शाळेच्या व्हॅन जातात तिथं एका माणसाच्या शब्दावर सिग्नल सुटतो ही गोष्ट मान्यच होण्यासारखी नाही, तो माणूस कितीही चांगला असो. त्या अपघातानंतर रेल्वेनं फाटकांवर सीसीटीव्ही आणि इंटरलॉकिंग वाढवायचे आदेश दिले.

ड्युटीचंही बघा. रेल्वे कायद्यात कर्मचाऱ्यांच्या तासांचे वर्ग आहेत. ज्या कामात मधे बराच रिकामा वेळ असतो असं धरलं जातं त्याला आठवड्याला ७५ तासांपर्यंत लावता येतं, तर अतिश्रमाच्या कामाला ४५. कमी गाड्यांच्या फाटकावरची बारा तासांची पाळी यातल्या पहिल्या वर्गातून येते. बारा तास एकटा माणूस, एक छोटी खोली, लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, फोन आणि बाहेर रूळ आणि रस्ता.

आणि ट्रॉली रुळात अडकली तर? ऊस हंगामात आपल्याकडं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर फाटकाच्या चढावर बंद पडतो, पिन तुटते, मागची ट्रॉली रुळावर राहते. अशा वेळी गेटमननं सिग्नल लाल ठेवून स्टेशनला कळवायचं, आणि ज्या लाईनवर आधी गाडी येणार तिकडं पळायचं, ६०० मीटरवर रुळावर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन फटाके लावायचे. फटाका म्हणजे इंजिनच्या चाकाखाली मोठा आवाज करणारी डबी, तो आवाज ऐकला की ड्रायव्हर ब्रेक मारतो. डबल लाईन असली की एकदा इकडं आणि मग तिकडं. पन्नाशीतला माणूस गिट्टीवरून सव्वा किलोमीटर पळतो तेव्हा मागं ट्रॉलीवाला मोबाईलवर मालकाला फोन लावत असतो.

रस्त्यावरच्या माणसाची कलमं

बंद गेट स्वतः उघडलं तर कलम १६०, तीन वर्षांपर्यंत कैद. गेट तोडलं, म्हणजे गडबडीत बूमला (फाटकाच्या आडव्या दांड्याला) गाडी घातली तरी, पाच वर्षांपर्यंत. उभ्या मालगाडीच्या खालून वाकून किंवा दोन डब्यांच्या मधून पलीकडं जाणं हे रुळावर घुसणंच आहे, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते सोडा, पण थांबलेली मालगाडी सुटताना शिट्टी अर्धा किलोमीटर पुढं वाजते, मागच्या डब्याखाली वाकलेल्याला ऐकूच येत नाही, आणि कपलिंगचा झटका एकेक करत मागं येतो. सायकल खालून सरकवणारी मुलं दिसली की थांबवा, लहान पोरांना कलम समजत नाही.

विजेच्या लाईनमुळं फाटकाच्या दोन्ही बाजूला लोखंडी कमान असते, हाईट गेज, उंची ४.६७ मीटर. वर तारेत २५,००० व्होल्ट. कडबा उंच रचलेला ट्रक कमानीला घासला की ड्रायव्हर लोक कामगाराला वर चढवून कडबा दाबायला लावतात, हे जिवावरचं आहे.

परदेशात

अमेरिकेत काही मालगाड्या दोन-तीन मैलांपर्यंत लांब असतात, त्यामुळं अडवणुकीचं प्रमाण वेगळंच. ओहायो राज्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त फाटक अडवलं तर गुन्हा असा कायदा होता, आणि तो कामगारावर नाही तर रेल्वे कंपनीवर होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं तो केंद्रीय कायद्यापुढं टिकत नाही असं ठरवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अपील ऐकायला नकार दिला. तिथं मिनिटांची देशव्यापी मर्यादा नाही. निकाल काहीही लागो, दंड कंपनीवर ठेवण्याचा विचार मला योग्य वाटतो, कारण लूप किती लांब, गाडी किती लांब, पूल बांधायचा की नाही हे कंपनी किंवा रेल्वे प्रशासन ठरवतं. आपल्या कलम १७६ मध्ये जबाबदार धरलाय तो एकटा कर्मचारी.

फाटक जाणार कधी

ब्रॉडगेजवरची बिनामाणसाची फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपवली गेली, त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला अशाच फाटकावर शाळेच्या व्हॅनमधली १३ मुलं गेली होती. आता माणूस असलेली फाटकं हटवणं चालू आहे. त्याचा हिशोब टीव्हीयूवर होतो, दिवसाच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. मोटार आणि बैलगाडी एक-एक, ऑटोरिक्षा अर्धी, सायकलवाला आणि पायी चालणारा मोजतच नाहीत. १०० गाड्या आणि १००० वाहनं असली की एक लाख होतात, आणि एक लाखाच्या वर गेलं की रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा खर्च करून उड्डाणपूल बांधू शकतात. शहरात आसरा पुलावरून जाणाऱ्याला खाली गाडी थांबली की सुटली याच्याशी देणंघेणं राहिलेलं नाही, ते याच प्रकारच्या पुलामुळं. खेड्याकडं मात्र एक लाख भरत नाहीत, मग बोगदा मिळतो. बोगद्यात पावसाळ्यात कंबरभर पाणी साठलं की लोक परत रुळावरूनच ओलांडतात, त्यामुळं बोगदा मंजूर करून घेताना ग्रामपंचायतीनं पाणी काढायच्या पंपाचं आणि नाल्याचं कागदावर घेणं फार गरजेचं आहे.

फाटक रोज अडत असेल तर गेटवरच्या माणसाशी भांडण्याऐवजी फाटकाचा नंबर (गेटवर पाटी असते), तारीख, गेट पडल्याची आणि उघडल्याची वेळ आणि मधे किती गाड्या गेल्या हे आठवडाभर लिहून काढावं आणि डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला लेखी द्यावं. गेटच्या आणि स्टेशनच्या रजिस्टरशी ते ताडून बघता येतं, आणि गेट उगाच बंद होतं की लूप कमी पडतोय हे तिथंच कळतं.