कात्रीलाच डिंक

नाशिकला आमच्या कॉलेजात पेशी वाढवायला शिकवताना पहिली गाठ पडते ती ट्रिप्सिनशी. फ्लास्कच्या तळाला पसरून बसलेल्या पेशींवर प्रथिनं कापणारं हे एन्झाइम ओतलं की दोन-चार मिनिटांत त्या गोल होतात. टिचकी मारली की धुरकट ढगासारख्या सुटून येतात. मागे एकदा मी पेशी ट्रिप्सिनमध्येच ठेवून चहाला गेलो आणि गप्पांत रमलो. त्या पेशी नव्या फ्लास्कात काही केल्या धरेनात.

पेशी सुट्या करायची खटपट जुनीच. १९०७ मध्ये अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज चक्क रेशमी कापडातून पिळून काढला (येवल्याचा विणकर कपाळावर हात मारील!). सुट्या पेशी हळूहळू पुन्हा गोळा झाल्या. मग १९५२ मध्ये मॉस्कोना यांनी भ्रूणाच्या पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या. एन्झाइम म्हणजे तेव्हा बाहेरून आणलेलं हत्यार, एवढंच.

खरी गंमत जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांची. क्योटोत ट्रिप्सिननंतर पेशी पुन्हा छान जुळायच्या, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जुळेनात. शोध घेतला तर तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए नावाचं रसायन मिसळलेलं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिन पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या एका चिकट प्रथिनाला हात लावत नाही, नसेल तर त्याचा फडशा पाडतं. हेच पुढे कॅडहेरिन म्हणून ओळखलं गेलं. दुसऱ्याच्या बाटलीतल्या फरकावर इतका मोठा शोध लागावा, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे कळलं की पेशी स्वतःच्या अंगावरही कात्र्या बाळगते. एडॅम-१० हे पृष्ठभागावरचं एन्झाइम ई-कॅडहेरिन हा कॅडहेरिनचाच एक प्रकार कापतं आणि शेजारणींची पकड सैल होते.

पण काही ठिकाणी कात्री आणि डिंक वेगळे निघालेच नाहीत. फिनलंडमध्ये १९९२ साली व्हॅप-१ सापडलं, तेव्हा ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीशी धरणारं प्रथिन म्हणून. १९९८ मध्ये लक्षात आलं की ते स्वतःच अमाइन ऑक्सिडेज, म्हणजे एन्झाइम आहे. डीपीपी-४ या दुसऱ्या प्रथिनाची वाट उलटी. १९६६ मध्ये ते एन्झाइम म्हणून सापडलं. पेशींभोवतीच्या जाळ्यातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला ते धरतं, हे नंतर उमगलं.

हे डीपीपी-४ मेनरोडवरच्या मेडिकलमध्येही भेटतं. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या नावाशेवटी ‘ग्लिप्टिन’ असतं, त्या याच एन्झाइमची धार बोथट करतात. त्यातली पहिली, सिटाग्लिप्टिन, अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाली. फायब्रोनेक्टिन धरायची जागा मात्र त्याच रेणूवर, धारेपासून वेगळी आहे.