नेमान्या विदिच

विदिच, नेमान्या (२१ ऑक्टोबर १९८१) : सर्बियाचा निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू. मध्यवर्ती बचावपटू म्हणून तो क्र्वेना झ्वेज्दा (रेड स्टार बेलग्रेड), स्पार्ताक मॉस्को, मँचेस्टर युनायटेड आणि इंटर मिलान या क्लबांकडून खेळला. इंग्लिश प्रीमियर लीगची पाच विजेतेपदे आणि २००८ची चॅम्पियन्स लीग (युरोपातील अव्वल क्लबांची स्पर्धा) ही त्याची सर्वांत मोठी कमाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपात जे मध्यवर्ती बचावपटू होऊन गेले, त्यांत त्याला पहिल्या रांगेत बसवावे लागते.

पश्चिम सर्बियातील उझित्से या गावी त्याचा जन्म झाला. युगोस्लाव्हिया अखंड असताना मार्शल टिटोच्या नावावरून या गावाला तितोवो उझित्से म्हणत. येदिन्स्त्वो आणि स्लोबोदा या तिथल्याच क्लबांत तो खेळायला शिकला आणि चौदा-पंधराव्या वर्षी बेलग्रेडला झ्वेज्दाच्या युवा संघात दाखल झाला. झ्वेज्दाने १९९१ साली बारी येथे युरोपियन चषक जिंकला होता. पण त्यानंतर देश फुटला, युद्धे पेटली, संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्ह संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद झाली आणि चांगले खेळाडू बाहेर गेले. १९९९च्या वसंतात नाटोची विमाने सर्बियावर बाँब टाकत होती, तेव्हा विदिच सतरा वर्षांचा होता. त्याच्या पिढीचे फुटबॉल अशा काळात घडले.

२०००-०१चा हंगाम त्याने सुबोतित्सा येथील स्पार्ताक क्लबात उसनवारीवर काढला. परतल्यावर झ्वेज्दाच्या मुख्य संघात त्याची जागा पक्की झाली. २००२चा राष्ट्रीय चषक त्याच्या खात्यावर जमा झाला, पुढे कर्णधारपद आले आणि २००३-०४मध्ये संघाने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. २००४च्या उन्हाळ्यात तो मॉस्कोच्या स्पार्ताककडे गेला. तिथे दीड वर्ष खेळून जानेवारी २००६मध्ये सुमारे ७० लाख पौंडांच्या मोबदल्यात तो मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. पुढे त्याने जे दिले ते पाहता युनायटेडचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचा हा सौदा फार स्वस्तात झाला असे म्हटले पाहिजे.

विदिचच्या राष्ट्रीय संघाची कथा वेगळी सांगावी लागते, कारण तो खेळत असतानाच देशाचे नाव दोनदा बदलले. १२ ऑक्टोबर २००२ रोजी नेपल्समध्ये इटलीविरुद्ध तो पहिला सामना खेळला, तेव्हा जर्सी युगोस्लाव्हियाची होती. पुढच्या वर्षी देश ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ झाला आणि २००६मध्ये नुसता सर्बिया उरला. २००६च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत विदिच, म्लादेन क्रस्ताइच, गोरान गाव्रांचिच आणि इवित्सा द्रागुतिनोविच या चौघांची बचावफळी उभी राहिली. गटात स्पेन, बेल्जियम आणि बॉस्नियासारखे संघ असताना दहा सामन्यांत या संघाने एकच गोल स्वीकारला. तो माद्रिदमध्ये स्पेनच्या राऊलने केला. एकही सामना न हरता गटात पहिला क्रमांक मिळाला आणि स्पेनला प्ले-ऑफच्या (जादा पात्रता लढतीच्या) वाटेने जावे लागले. मायदेशी ही चौकडी आजही आदराने आठवली जाते.

पण गटातील शेवटच्या, बॉस्नियाविरुद्धच्या सामन्यात विदिचला लाल कार्ड मिळाले आणि विश्वचषकाच्या सलामीला तो निलंबित राहिला. नंतर जर्मनीत सराव करताना गुडघा दुखावला आणि स्पर्धाच संपली. माँटेनेग्रोच्या जनतेने मे महिन्यात स्वातंत्र्याचा कौल दिला होता. त्यामुळे हा संघ अस्तित्वात नसलेल्या देशाच्या नावाने मैदानात उतरला आणि तिन्ही सामने हरला. त्यात अर्जेंटिनाकडून ६-० असा पराभवही आला. एकट्या विदिचने हा निकाल फिरवला असता असे नाही. तरी दहा सामने भिंतीसारखी उभी राहिलेली ती फळी विश्वचषकात एकदाही एकत्र उतरू शकली नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात अडखळत झाली. तिथल्या खेळाचा वेग आणि धसमुसळेपणा अंगवळणी पडायला काही महिने गेले. त्याच्याबरोबर जानेवारी २००६मध्येच आलेला बचावपटू पॅट्रिस एव्हरा याचीही तीच गत होती. २००६-०७च्या हंगामात मात्र रिओ फर्डिनंडबरोबर त्याची जोडी जमली आणि युनायटेडने चार वर्षांनी लीग जिंकली. फर्डिनंड वेगवान होता, चेंडू पायाशी घेऊन शांतपणे पुढे निघणारा, प्रतिस्पर्ध्याची चाल आधी ओळखणारा. विदिच आघाडीपटूच्या अंगाला भिडायचा, हवेतला चेंडू आधी गाठायचा, आणि जिथे दुसरा पाय घालायला कचरेल तिथे डोके घालायचा. तो पुढे झेपावला की मागची मोकळी जागा फर्डिनंड सांभाळायचा. मागे गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार होता. २००७-०८मध्ये या संघाने ३८ लीग सामन्यांत अवघे २२ गोल स्वीकारले.

त्याच हंगामात २१ मे २००८ रोजी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर झाला. स्पार्ताकमध्ये असताना हेच त्याचे घरचे मैदान होते. चेल्सीविरुद्धच्या त्या लढतीत जादा वेळेच्या अखेरीस विदिचला चापट मारल्याबद्दल दिदिए द्रोग्बाला लाल कार्ड मिळाले, आणि १-१ बरोबरीनंतर युनायटेडने पेनल्टींवर ६-५ने बाजी मारली.

२००८-०९चा हंगाम त्याच्या कारकिर्दीचा कळस ठरला. नोव्हेंबर ते मार्च या काळात युनायटेडने लीगमध्ये सलग १४ सामने गोल होऊ दिला नाही. व्हॅन डर सारच्या नावावर १,३११ मिनिटांचा विक्रम लागला. विक्रम गोलरक्षकाच्या नावे नोंदला जातो, पण त्यातला मोठा वाटा त्याच्यापुढे उभ्या असलेल्यांचा होता. याच काळात सुंदरलँडविरुद्ध भरपाई वेळेत विजयी गोल विदिचनेच केला, आणि मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये इंटरविरुद्ध चौथ्याच मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून आघाडी मिळवून दिली. प्रीमियर लीगने त्याला हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले. हा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू. २०१०-११मध्ये तो मान पुन्हा त्यालाच मिळाला. २००९ आणि २०११ या दोन्ही वर्षी जगभरच्या व्यावसायिक खेळाडूंच्या मतांनी निवडल्या जाणाऱ्या सर्वोत्तम अकरांतही तो होता.

त्याच्या खेळातली उणीव दाखवताना १४ मार्च २००९चा लिव्हरपूलविरुद्धचा सामना हमखास काढला जातो. फर्नांदो टोरेसने त्याच्याकडून चेंडू हिसकावून गोल केला, पुढे स्टीव्हन जेरार्डला पाडल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळाले आणि युनायटेड घरच्या मैदानावर ४-१ने हरला. लिव्हरपूलविरुद्ध सलग तीन सामन्यांत तो बाहेर काढला गेला हेही खरे. चेंडूवर आधी झेपावणाऱ्या बचावपटूला चपळ आघाडीपटू चकवू शकतो, आणि टोरेसने ते दाखवले. मात्र ज्या सवयीमुळे तो टोरेससमोर अडचणीत आला, त्याच सवयीने उरलेला हंगाम तारला होता. त्या वर्षीही लीग युनायटेडनेच जिंकली.

२०१०मध्ये गॅरी नेव्हिलनंतर तो युनायटेडचा कर्णधार झाला. पहिल्याच हंगामात क्लबने एकोणिसावे लीग विजेतेपद पटकावून लिव्हरपूलला मागे टाकले. वेम्बलीवरच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मात्र बार्सिलोनाने ३-१ने हरवले. ७ डिसेंबर २०११ रोजी बासेल येथे त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले आणि त्या हंगामात तो पुन्हा दिसला नाही. पुढच्या मोसमात आणखी एक शस्त्रक्रिया झाली. त्याही परिस्थितीत फर्ग्युसन यांच्या अखेरच्या, २०१२-१३च्या विजेत्या संघाचा तो कर्णधार होता. युनायटेडसाठी त्याने ३०० सामन्यांत २१ गोल केले. बचावपटूच्या मानाने हा आकडा चांगलाच मोठा आहे.

सर्बियाकडून तो २०१०चा विश्वचषक खेळला. जर्मनीविरुद्ध त्याच्या हाताला चेंडू लागून प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळाली. ती गोलरक्षक स्तोयकोविचने अडवली आणि सर्बिया १-०ने जिंकला, तरी संघ साखळीतच बाद झाला. ऑक्टोबर २०११मध्ये युरो पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात स्लोव्हेनियाविरुद्ध विदिचने घेतलेली पेनल्टी समीर हांदानोविचने अडवली. सर्बिया हरला, आणि ५६ सामन्यांनंतर विदिचने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

२०१४मध्ये तो इंटरमध्ये गेला, तेव्हा तिथे गोलरक्षक हांदानोविचच होता. लीगमधल्या पहिल्याच सामन्यात, तोरिनोविरुद्ध, विदिचच्या चुकीने प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळाली आणि हांदानोविचने ती थोपवली. त्या सामन्याच्या शेवटी विदिचला लाल कार्डही मिळाले. दुसऱ्या हंगामात दुखापतींमुळे त्याला खेळता आले नाही. जानेवारी २०१६मध्ये इंटरशी करार संपवून त्याच महिन्यात, वयाच्या ३४व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.