दया आणि कृपा: एका दमात म्हणतो, पण एक नव्हेत

बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत बहुतेक जण शेवटी म्हणतात, "प्रभू, दया कर, कृपा कर." मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो. चहापाणी म्हणावं तसं हे दयाकृपा जिभेवर बसलं होतं. दोन्हींचा अर्थ एकच, जोर यावा म्हणून दोनदा म्हणायचं, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती आणि तिच्यामुळे माझी प्रार्थना अर्धीच राहत होती, हे कळायला फार उशीर लागला.

लहानपणची एक गोष्ट सांगतो. गावात किराण्याचं एकच दुकान, सगळी उधारी वहीवर. एका वर्षी पावसानं दगा दिला, वडिलांची मजुरी थांबली आणि वहीतलं आमच्या नावाचं पान भरत गेलं. आईनं मला पाठवलं, "शेठला सांग, पुढच्या बाजाराला थोडे तरी देतो म्हणावं." वाटभर मी ते वाक्य घोकत गेलो. शेठनं वही काढली, आमचं पान उघडलं, कानावरची पेन्सिल घेतली आणि पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली. सुटलो एवढंच मला कळलं. पळायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "पिशवी कुठंय रे?" पिशवी मी आणलीच नव्हती. मुदत मागायला जाणारा पिशवी कशाला नेईल? त्यांनी डाळ, गूळ आणि चहाची पुडी कागदात बांधून दिली, आणि मी सदऱ्याची झोळी करून ते सगळं घरी आणलं.

ती रेघ म्हणजे दया. झोळीतला गूळ म्हणजे कृपा.

जे आपल्याला भोगावं लागणार होतं ते टळतं, तेव्हा दया झालेली असते. ज्यावर आपला काडीचाही हक्क नव्हता ते हातात पडतं, तेव्हा कृपा झालेली असते. दयेला समोर काहीतरी दुखणारं लागतं: अपराध, कर्ज, आजार, भूक. मराठीत आपण सहज म्हणतो, "मला त्याची दया आली." "मला त्याची कृपा आली" असं म्हणताच येत नाही. कारण दया समोरच्याची अवस्था बघून पोटात कालवते. कृपेचं कारण घेणाऱ्यात कितीही शोधलं तरी सापडत नाही, ते देणाऱ्याच्या मनात असतं.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला, वाट्याची मालमत्ता उधळून घरी परतणारा धाकटा मुलगा बघा. तोही वाटभर एक वाक्य घोकत येतो: मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला मजुरांमध्ये ठेवा. त्याची अपेक्षा फक्त दयेची आहे, हाकलून देऊ नका एवढीच. पण घोकलेलं वाक्य त्याला पुरतं बोलताच येत नाही. मजुरीची गोष्ट तोंडातून निघायच्या आत बाप चाकरांना हुकूम सोडतो: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, पोसलेलं वासरू कापा. माफ करून गोठ्याशेजारी झोपायला जागा दिली असती तरी ती दयाच झाली असती. अंगठी ही कृपा आहे. पोरानं तिच्यासाठी पिशवी आणली नव्हती.

मात्र बायबलच्या प्रत्येक ओळीत ही रेघ इतकी ठळक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुन्या करारात 'हेसेद' असा एक हिब्रू शब्द येतो. दिलेल्या शब्दाला जागणारी, न सोडणारी माया असा त्याचा अर्थ. आपल्या मराठी बायबलात तिथं पुष्कळदा 'दया' असतं. १३६ व्या स्तोत्राची सव्वीसच्या सव्वीस वचनं त्या दयेवर येऊन थांबतात, आणि त्यात सूर्य-चंद्र घडवणंही आहे, प्राणिमात्रांना अन्न देणंही आहे. म्हणजे ही दया नुसती शिक्षा टाळणारी नाही. करुणेसाठीचा 'राहमीम' हा हिब्रू शब्द तर गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगतो. 'पोटची माया' याहून जवळचं मराठी मला सुचत नाही.

नव्या करारात येईपर्यंत दोन शब्द स्पष्ट वेगळे होतात. ग्रीकमध्ये दयेला 'एलेओस' आणि कृपेला 'खारिस'. प्रेषित पौल बहुतेक पत्रांच्या सुरुवातीला कृपा आणि शांती इच्छितो, पण आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना दोन्ही पत्रांत कृपा, दया आणि शांती असे तीन शब्द घालतो. दोन्ही एकच असते तर त्यानं तसं केलं नसतं. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं सोळावं वचन तर मला आता प्रार्थनेचा नकाशाच वाटतं: राजासनाजवळ धैर्यानं जायचं, ते दया व्हावी म्हणून आणि ऐन वेळी मदतीसाठी कृपा मिळावी म्हणून. कालच्यासाठी दया, आजच्यासाठी कृपा. मी कालचं मागून उठत होतो.

केडगावच्या मुक्ती मिशनचं, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या संस्थेचं, मला या संदर्भात नेहमी आठवतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. मरणाच्या दारातून उचललं, जेवू घातलं, ही दया, आणि तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तिथं त्यांच्या हातात पाटी आली, कामधंदा आला, छापखाना आला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्याच बायकांचे होते. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. अन्नाला मोताद झालेल्या मुलींच्या बोटांतून देवाचं वचन ओळीओळीनं छापलं गेलं, याला मी कृपेखेरीज दुसरं नाव देऊ शकत नाही.

आता आभारांकडे येतो, कारण माझी खरी अडचण तिथंच होती. माझी उपकारस्तुतीची प्रार्थना ऐकली असती तर ती नुसती टळलेल्या गोष्टींची यादी वाटली असती. अपघात झाला नाही, ऑपरेशन लागलं नाही, नोकरी गेली नाही. यात खोटं काही नाही. पण शेजारच्याचा अपघात झाला, त्याचं काय? "आमच्यावर आलं नाही" या आभारांत एक धोका आहे, आणि तो येशूनं दाखवून दिला आहे. त्याच्या गोष्टीतल्या परूशाची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाची, मंदिरातली प्रार्थना आठवा. ती आभारांनीच सुरू होते! मी इतरांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो. मागे उभा असलेला, लोक पापी समजत असा जकातदार वर बघायचंही धाडस करत नाही, छाती बडवून फक्त दया मागतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. तेव्हा दया ही कृपेहून हलकी असं कुणी समजू नये. दार तेच आहे. दारातून आत गेल्यावर पान वाढलेलं असतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

दहा कुष्ठरोग्यांनी येशूकडे दया मागितली आणि दहाही शुद्ध झाले. आभार मानायला परतला एकच, तोही यहूदी ज्यांना परके मानत त्यांतला, शोमरोनी. बाकीचे नऊ मला परके वाटत नाहीत. रोग गेला, आता घर गाठावं, हे मला अगदी समजतं. त्या एकाला मात्र रोग गेला याहून तो घालवणारा मोठा वाटला. ग्रीकमधला 'युखारिस्तिया', म्हणजे उपकारस्तुती, हा शब्द 'खारिस' याच मुळापासून फुटतो. आपल्या मराठीतही तसंच घडलंय, बघा: उपकारस्तुतीत आधी उपकार आहे, मग स्तुती. स्तोत्रांत तर 'उपकारस्मरण' म्हटलंय. आठवलंच नाही तर स्तुती कुठून येणार? म्हणून हल्ली रात्री मी टळलेल्या गोष्टींसोबत मिळालेली एक तरी गोष्ट नाव घेऊन सांगतो. कुणाचा फोन, पोराचं हसणं, वेळेवर आलेली एसटी.

आणि दया मागूनही जेव्हा टळत नाही, तेव्हा? पौलानं देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला. उत्तर आलं ते कृपेचं, आणि ती पुरेशी आहे असं. हे वचन मी अनेकांच्या आजारपणात वाचून दाखवलं होतं. समजलं ते आईच्या वेळी.

तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आम्ही भावंडांनी कित्येक महिने एकच प्रार्थना केली: दया कर, तिला उठव. ती उठली नाही. मी तिला दोन वेळा पेज भरवायचो. पहिला चमचा तोंडाशी नेला की ती डोळे मिटून घ्यायची. सुरुवातीला मला वाटलं, नको म्हणतेय. मग लक्षात आलं, आमच्या घरात प्रार्थना केल्याशिवाय कुणी घास घेत नाही, आणि शब्द गेले तरी तिनं ते सोडलं नव्हतं. चमचा तसाच धरून थांबायचं. पेजेवर साय धरायची. डोळे उघडले की ती आधी माझ्याकडे बघायची, आणि मग तोंड उघडायची.