जोडीला कोण? अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यामागचा इतिहास

मे १८४४. बाल्टिमोरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. बऱ्याच ओढाताणीनंतर अध्यक्षपदासाठी जेम्स पोक यांचं नाव ठरलं. माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांना डावलल्याने त्यांचा गट रुसला होता. त्याची समजूत काढायची म्हणून व्हॅन ब्युरेन यांचे विश्वासू, न्यूयॉर्कचे सिनेटर सायलस राइट यांचं नाव उपाध्यक्षपदासाठी मंजूर करून टाकलं गेलं. राइट स्वतः साठेक किलोमीटरवर वॉशिंग्टनमध्ये होते आणि त्यांना आधी विचारायची तसदी कोणी घेतली नव्हती. सॅम्युअल मोर्स यांची तार नुकतीच या दोन शहरांदरम्यान सुरू झाली होती. तिच्यावरून कळवलं, तर नकार आला. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. तारेच्या टकटकीवर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून अधिवेशनाने खात्री करायला माणसं वॉशिंग्टनला धाडली. ती नकारच घेऊन परतली. मग पेनसिल्व्हेनियाच्या जॉर्ज डॅलस यांच्या गळ्यात माळ पडली.

तेव्हा माणसाला न विचारता नाव जाहीर होत होतं. आज त्याच पदासाठी वकिलांची फौज इच्छुकाची करविवरणं, दवाखान्याचे कागद, जुनी भाषणं आणि जोडीदाराचे धंदे महिनोनमहिने चाळत बसते. हा बदल कोणी आखून केला नाही. दर वेळी कुठेतरी फजिती झाली आणि तिच्या धाकाने पुढच्या वेळी एखादी नवी खबरदारी घेतली गेली.

आपली वर्तमानपत्रं ज्याला ‘रनिंग मेट’ म्हणतात तो शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. मुख्य घोड्याला वेग लावून द्यायला त्याच तबेल्यातला दुसरा घोडा उतरवत, तो रनिंग मेट. शर्यत जिंकायची ती पहिल्याने. अडचण एवढीच, की राजकारणात पहिला घोडा मध्येच पडला तर उरलेली शर्यत दुसऱ्याला पळावी लागते. आजवर नऊ वेळा तसं झालं आहे: आठदा अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एकदा राजीनाम्यामुळे.

अमेरिकेच्या घटनाकारांच्या मनात मुळात जोडी नव्हतीच. प्रत्येक निर्वाचकाने (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांकडून आलेल्या प्रतिनिधीने) दोन मतं द्यायची, सर्वांत जास्त मतं मिळतील तो अध्यक्ष आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष, एवढी साधी सोय त्यांनी केली होती. पक्ष निर्माण होतील हे त्यांनी धरलंच नव्हतं. १७९६ मध्ये जॉन ॲडम्स यांना ७१ मतं पडली आणि त्यांचे कट्टर विरोधक थॉमस जेफरसन यांना ६८. म्हणजे हरलेला प्रतिस्पर्धी चार वर्षं उपाध्यक्ष. ॲडम्स स्वतः आधी आठ वर्षं त्या खुर्चीत बसले होते आणि माणसाने कल्पिलेलं हे सर्वांत क्षुल्लक पद आहे, असं त्यांनी पत्नी ॲबिगेलला लिहून ठेवलं आहे.

१८०० मध्ये तर गाडी पूर्णच रुतली. जेफरसन यांच्या पक्षाने त्यांच्या जोडीला ॲरन बर यांना उभं केलं होतं. कुणीतरी एका निर्वाचकाने बर यांचं मत गाळायचं, म्हणजे ते आपोआप दुसरे ठरतील, असा हिशोब होता. प्रत्यक्षात कोणीच मत गाळलं नाही. दोघांनाही ७३. निकाल प्रतिनिधीगृहाकडे गेला आणि तिथे छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, जेफरसन निवडून आले. तोवर बर यांनी ‘मी दुसऱ्या जागेसाठीच उभा आहे’ एवढं एक वाक्य ठामपणे उच्चारलं असतं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. ते त्यांनी केलं नाही.

या गोंधळातून १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली. अध्यक्षासाठी एक मत, उपाध्यक्षासाठी वेगळं मत. पेच सुटला, पण पदाची पत घसरली. आधी निदान देशातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस तिथे बसत असे. आता ती जागा कुठल्या प्रांताला आणि कुठल्या गटाला खूश करायचं, याच्या सौद्यात गेली. घटनेतला एक जुना नियम मात्र या दुरुस्तीतही टिकला: निर्वाचकाला दोन्ही मतं आपल्याच राज्यातल्या माणसांना देता येत नाहीत. या नियमाने पुढे दोनशे वर्षांनी एका माणसाला पत्ता बदलायला लावला. ते पुढे येईलच.

एकोणिसाव्या शतकात पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचं नाव ठरेपर्यंत सगळे दमलेले असत आणि दुसरं नाव नुकसानभरपाईसारखं वाटून टाकलं जाई. उमेदवार उत्तरेचा तर जोडीदार दक्षिणेचा किंवा सीमेवरच्या राज्याचा, हा गुणमेलनाचा पहिला नियम. १८४० मध्ये डेमोक्रॅटांच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन यांच्याबरोबर व्हर्जिनियाचे जॉन टायलर यांना घेतलं, ते मूळचे डेमोक्रॅट असूनही. शपथविधीनंतर महिन्याभरात हॅरिसन वारले. घटनेत नक्की काय म्हटलंय, उपाध्यक्ष अध्यक्ष होतो की फक्त अध्यक्षाचं काम पाहतो, हे कोणालाच ठाम सांगता येईना. टायलर यांनी वाद घालत न बसता थेट शपथ घेतली आणि ‘प्रभारी अध्यक्ष’ असा मायना असलेली पत्रं न उघडता परत पाठवू लागले. पुढे त्यांनी आपल्याच पक्षाची बँकेची विधेयकं नाकारली आणि पक्षाने त्यांना बाहेर काढलं.

(आपल्याकडचा फरक इथे ध्यानात घ्यावा. उपाध्यक्षाने सिनेटचं अध्यक्षस्थान भूषवायचं, तसं आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती. पण त्यांची निवड राष्ट्रपतींच्या जोडीने होत नाही, संसदेची दोन्ही सभागृहं वेगळी करतात. आणि राष्ट्रपतींचं निधन झालं तर ते तात्पुरता कारभार पाहतात, जसा १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांच्यानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी पाहिला; सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावीच लागते. अमेरिकेत मात्र उरलेली सगळी मुदत उपाध्यक्षाची.)

एवढा अनुभव गाठीशी असूनही सवय सुटली नाही. १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांच्या जोडीला असलेल्या हॅनिबल हॅम्लिन यांना काढून टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन यांना घेण्यात आलं. मतांच्या हिशोबाने डाव बरोबर होता. पण जॉन्सन शपथविधीला व्हिस्की पिऊन आले आणि भर सिनेटमध्ये असंबद्ध बोलत राहिले. सहा आठवड्यांत लिंकन यांची हत्या झाली आणि मुक्त झालेल्या गुलामांचं भवितव्य याच माणसाच्या हाती गेलं. १८६८ मध्ये ते महाभियोगातून एका मताने वाचले. १९०० ची गोष्ट उलटी. न्यूयॉर्कचा पक्षपुढारी टॉमस प्लॅट याला डोईजड झालेले गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट राज्यातून घालवायचे होते, म्हणून त्याने त्यांना अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या जोडीला ढकललं. या वेड्यात आणि अध्यक्षपदात आता एकच जीव उरलाय, अशी तक्रार पक्षाचेच दुसरे पुढारी मार्क हॅना करत राहिले. मॅकिन्ली यांच्या दुसऱ्या शपथविधीनंतर सहा महिन्यांनी तो जीवही गेला.

तोवर निवड अधिवेशनाची, म्हणजे खरं तर पुढाऱ्यांची होती. ती उमेदवाराच्या हातात आणली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी, आणि तीही धमकी देऊन. त्यांचे पहिले उपाध्यक्ष जॉन गार्नर. हे पद बादलीभर कोमट थुंकीच्याही मोलाचं नाही, हे त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य. १९४० मध्ये रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस यांच्यासाठी हट्ट धरला. अधिवेशनात कुरकुर सुरू झाली तेव्हा त्यांनी स्वतःची उमेदवारी नाकारणारं भाषण लिहून तयार ठेवलं. पत्नी एलिनॉर यांना शिकागोला पाठवून सभा शांत करावी लागली.

चार वर्षांनी तेच वॉलेस पक्षातल्या मातब्बरांना नकोसे झाले. रूझवेल्ट यांची तब्येत पाहता आपण खरं तर पुढचा अध्यक्ष निवडतोय, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. उघड बोलत कोणी नव्हतं. मिसूरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांचं नाव पुढे आलं. ट्रुमन तयार नव्हते, ते दुसऱ्याच उमेदवाराचं नाव मांडायला शिकागोत आले होते. ब्लॅकस्टोन हॉटेलच्या खोलीत पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन यांनी सॅन डिएगोला असलेल्या रूझवेल्टना फोन लावला. रूझवेल्ट फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत की हॅनेगन यांना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. ट्रुमन समोरच्या पलंगावर बसून सगळं ऐकत होते. तो माणूस तयार झाला का, असं रूझवेल्टनी विचारलं. हॅनेगन म्हणाले, असलं अडेल मिसूरी खेचर मी पाहिलं नाही. युद्धाच्या मध्यात पक्ष फोडायचा असेल तर ती जबाबदारी त्याची, असं त्याला सांग, म्हणत रूझवेल्टनी फोन आपटला. हा प्रसंग ट्रुमन यांनीच नंतर सांगितला आहे. पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, ४२९ विरुद्ध ३१९. दुसऱ्या फेरीत ट्रुमन जिंकले.

एवढ्या खटपटीने आणलेल्या माणसाला नंतर कोणी काही सांगितलं नाही. ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा अणुबॉम्ब जवळपास तयार होत आला होता आणि त्यांना त्याची धड माहिती नव्हती. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी शपथविधीनंतर बाजूला घेऊन, एक फार मोठं अस्त्र तयार होतंय, एवढं कानावर घातलं.

‘जोडीदार आपलं राज्य जिंकून देतो’ ही समजूत १९६० ने पक्की केली. केनेडींनी लिंडन जॉन्सन यांना घेतलं, भाऊ रॉबर्ट यांचा त्याला विरोध असताना, आणि टेक्सस थोडक्यात हाती लागलं. माझ्या मते या एका उदाहरणावर पुढची साठ वर्षं गुजराण झाली. १९८८ मध्ये टेक्ससचेच लॉइड बेन्ट्सन जोडीला असूनही डुकाकिस टेक्सस हरले. २००४ मध्ये जोडीदार जॉन एडवर्ड्स यांच्यामुळे केरींना त्यांचं नॉर्थ कॅरोलिना मिळालं नाही, की २०१२ मध्ये पॉल रायन यांच्यामुळे रॉम्नींना विस्कॉन्सिन. योग्य जोडीदाराने निवडणूक जिंकल्याचा पुरावा तोकडा आहे. चुकीच्या जोडीदाराने घाम फोडल्याचे दाखले मात्र हवे तितके.

त्यातला सगळ्यात मोठा १९७२ चा. मायामी बीचवर जॉर्ज मॅकगव्हर्न यांना उमेदवारी मिळाली आणि दुसऱ्या नावासाठी हातात जेमतेम एक दिवस. टेड केनेडी नाही म्हणाले, आणखीही काही बड्यांनी नकार दिले. शेवटी मिसूरीचे तरुण सिनेटर टॉमस ईगल्टन. फोनवर सल्लागाराने विचारलं, जुनं काही अडचणीचं प्रकरण आहे का? ते नाही म्हणाले. झाली चौकशी. त्या रात्री कंटाळलेल्या प्रतिनिधींनी गंमत म्हणून भलभलत्यांना मतं दिली, त्यात माओ झेडाँगही होते. मॅकगव्हर्न यांच्या भाषणाला पहाटेचे तीन वाजत आले. दोन आठवड्यांच्या आत ईगल्टनना पत्रकारांसमोर सांगावं लागलं, की नैराश्यासाठी आपण तीनदा रुग्णालयात होतो आणि विजेचे झटकेही घेतले आहेत. मी त्यांच्या पाठीशी हजार टक्के आहे, असं मॅकगव्हर्न म्हणाले आणि काही दिवसांतच त्यांनी त्यांना उतरवलं. ईगल्टन यांचा आजार हा गुन्हा नव्हता. मॅकगव्हर्न यांना नडले ते हजार टक्के. नोव्हेंबरमध्ये ते ५० पैकी ४९ राज्यं हरले. आणि गंमत अशी, की ज्या निक्सनसमोर ते हरले, त्यांचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी वर्षभरात लाचखोरीच्या प्रकरणात राजीनामा दिला.

उपाध्यक्षाची रिकामी जागा भरण्याची सोयच १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत नव्हती. तोवर ती खुर्ची सोळा वेळा रिकामी पडली होती आणि देशाचं काही अडलं नव्हतं, यावरूनही तिचं वजन कळावं. या दुरुस्तीमुळे ॲग्न्यू यांच्या जागी जेरल्ड फोर्ड आले आणि निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर तेच अध्यक्ष झाले.

१९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी ईगल्टन प्रकरणाचा धडा गिरवला. उमेदवारी आधीच पदरात होती, वेळ होता. त्यांनी प्रश्नावली पाठवल्या, चौकशा करवल्या आणि काही इच्छुकांना जॉर्जियातल्या प्लेन्स या आपल्या गावी बोलावून गप्पा मारल्या. निवडले वॉल्टर मोंडेल. मोंडेलनी आपण काय काम करणार याचं टिपण आधीच लिहून दिलं; त्यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये खोली मिळाली, जी आधी कुठल्याच उपाध्यक्षाला नव्हती, आणि अध्यक्षांबरोबर दर आठवड्याला जेवण. नेव्हल ऑब्झर्व्हेटरी या वॉशिंग्टनमधल्या नौदलाच्या वेधशाळेच्या आवारातल्या सरकारी घरात राहायला गेलेले पहिले उपाध्यक्षही तेच. पद खऱ्या अर्थाने कामाचं झालं ते इथून.

म्हणून घाई थांबली असं नाही. १९८० मध्ये रेगन यांची माणसं डेट्रॉइटमध्ये माजी अध्यक्ष फोर्ड यांच्याशी बोलणी करत होती. अधिकार वाटून घ्यायची भाषा टीव्हीवर आली आणि सगळं फिसकटलं. मग रात्री उशिरा जॉर्ज बुश यांना फोन गेला. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची पहिली स्त्री ठरल्या, पण त्यांच्या नवऱ्याच्या व्यवहारांचे प्रश्न नंतर निघाले. २००० मध्ये धाकट्या बुशनी शोधाची जबाबदारी डिक चेनी यांच्यावर सोपवली आणि शोधाअंती निवडले चेनींनाच. मुलगी पाहायला गेलेल्या मध्यस्थाने स्वतःच बोहल्यावर उभं राहावं तसं. अडचण एकच: दोघंही टेक्ससचे रहिवासी. बारावी दुरुस्ती आडवी आली. चेनींनी जुलैमध्ये वायोमिंगला जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवलं. ही क्षुल्लक बाब नव्हती. टेक्ससची निर्वाचक मतं ३२ होती आणि बुश जिंकले ते २७१ मतं मिळवून, लागतात २७०.

२०२४ मध्ये वेळ पुन्हा अपुरा पडला. २१ जुलैला जो बायडन अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांना जे काम एरवी महिन्यांत होतं ते दोन आठवड्यांत उरकावं लागलं. वकिलांनी कागद तपासले, यादी कापली गेली. ४ ऑगस्टच्या रविवारी टिम वॉल्झ, जॉश शपिरो आणि मार्क केली अशा तिघांना मुलाखतीसाठी बोलावलं गेलं, नेव्हल ऑब्झर्व्हेटरीच्या आवारातल्या त्याच घरात. हॅरिस तेव्हा उपाध्यक्षच होत्या. निवड व्हायची होती ती त्या घराच्या पुढच्या रहिवाशाची.