उष्णता, पावले आणि फासे : पटावरच्या ‘मेक’चे गणित

टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत ‘मेक’चा, म्हणजे आत चालक बसवलेल्या महाकाय चालत्या यंत्राचा, रुबाब काही औरच असतो. ‘बॅटलटेक’ हा या प्रकारातला जुना आणि अजूनही खेळला जाणारा खेळ. 1984 मध्ये तो अमेरिकेत वेगळ्या नावाने आला आणि पुढच्याच वर्षी त्याला हे नाव मिळाले. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या घरी रविवारी दुपारी हा पट मांडला जातो, तिथे नवा खेळाडू बहुधा एकच गोष्ट करतो: आपला मेक टेकडीवर नेऊन उभा करतो आणि हाती आहेत तेवढी शस्त्रे दर फेरीला डागत राहतो. हे महागात का पडते, याचे उत्तर डावपेचांच्या पुस्तकी तत्त्वांपेक्षा संभाव्यतेच्या साध्या गणितात अधिक नेमके सापडते.

पट षट्‌कोनी घरांचा असतो. एक घर म्हणजे 30 मीटर आणि एक फेरी म्हणजे सुमारे 10 सेकंद. नेम लागतो की नाही, हे दोन फाशांच्या बेरजेवर ठरते. सरासरी चालकाचा मूळ आकडा 4 असतो आणि त्यात अडचणींचे गुण मिळवत जायचे: मध्यम पल्ल्यासाठी 2, नेम धरणारा चालत असेल तर 1, पळत असेल तर 2, उडी मारत असेल तर 3, शिवाय लक्ष्य किती घरे सरकले त्यानुसार आणखी काही. एकूण बेरजेइतके किंवा त्याहून जास्त दान पडले पाहिजे. दोन फाशांची 36 दाने समान शक्यतेची असली, तरी त्यांच्या बेरजा तशा नसतात. 8 किंवा अधिक येण्याची शक्यता 36 पैकी 15, म्हणजे सुमारे 42 टक्के. 9 साठी 28, 10 साठी 17 आणि 11 साठी अवघी 8 टक्के. म्हणजेच अडचणीचा एकेक गुण नेमबाजीची शक्यता झपाट्याने खाली आणतो.

आता ‘ग्रिफिन’ हा 55 टनी मेक घेऊ. तो एका फेरीत 5 घरे चालतो, 8 घरे पळतो किंवा 5 घरांची उडी मारतो. समोरचा मेक 10 घरांवर आहे, तो 5 घरे पळून आला आहे आणि त्याचे शस्त्रही मध्यम पल्ल्याचेच आहे, असे धरू. ग्रिफिन जागीच उभा राहिला, तर दोघांनाही 8 हवेत (मूळ 4, पल्ल्याचे 2 आणि शत्रूच्या पळण्याचे 2: ग्रिफिनला लक्ष्य 5 घरे सरकल्याचे, शत्रूला स्वतः पळत असल्याचे), सामना बरोबरीचा. तो सरळ 5 घरे चालला, तर त्याला स्वतःला 9 लागतात, पण शत्रूला 10. आठ घरे पळाला, तर त्याला 10 आणि शत्रूला 11. म्हणजे शत्रूच्या दुप्पट संधी. उडी मारली, तर दोघांनाही 11, आणि वर फुकटची उष्णता. जागेवर उभे राहणाऱ्याचे नेम जास्त लागतात हे खरे, पण तितकेच त्याला बसतातही, आणि अनुभवी प्रतिस्पर्धी नेमक्या याच अधीरतेची वाट पाहत असतो.

या हिशेबात वळणाला मोठी किंमत आहे. षट्‌कोनाच्या एका बाजूइतके वळायला एक घर चालण्याइतकीच चाल खर्च होते. पाच घरे चालण्याच्या बेतात एक वळण आले की घरे चारच उरतात, शत्रूची अडचण 2 वरून 1 वर येते आणि त्यालाही 9 च लागतात. मिळवलेली आघाडी गेली. पळताना मात्र एक वळण घेऊनही 7 घरे होतात, आणि 7 ते 9 घरांना तेवढेच 3 गुण मिळतात. मेकचे धड पायांपासून एक बाजू वेगळे वळवता येते, त्यामुळे पाय शत्रूकडे वळवण्यात चाल घालवण्याची गरज सहसा नसते.

मग सतत पळतच का राहू नये? पळता येते, पण उष्णतेचा हिशेब ठेवून. ग्रिफिनमधील 12 हीट सिंक दर फेरीला 12 एकक उष्णता बाहेर टाकतात. पळण्याने 2, पीपीसी या कणतोफेने 10 आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी 4 एकक उष्णता निर्माण होते. सगळे एकदम वापरले, तर पहिल्या फेरीअखेर 4 आणि दुसऱ्या फेरीअखेर 8 एकक साचतात. आठला पोहोचले की नेमात एका गुणाची अडचण येते आणि चाल एकाने घटते: पळण्याची 8 घरे 6 वर येतात आणि संरक्षणाचे 3 गुण 2 होतात. तिसऱ्या फेरीत ग्रिफिनला 11 आणि शत्रूला 10 लागतात; दोन फेऱ्यांपूर्वीची दुप्पट आघाडी नेमकी उलटते. खासबागेत पहिल्या मिनिटातच दम संपवणाऱ्या पैलवानाची गत याहून वेगळी नसते. उलट पळता पळता फक्त पीपीसी डागली, तर 12 निर्माण होतात आणि 12 निघून जातात, आणि हे कितीही फेऱ्या चालू ठेवता येते. क्षेपणास्त्रे राखून ठेवावीत आणि जी फेरी निर्णायक ठरणार, त्याच फेरीत सोडावीत.

उडी वाईट म्हणून सोडून देण्यासारखी मुळीच नाही. पहिल्या चालीसाठीची फाशांची लढत हरणाऱ्याने आधी चाल करायची असते. शत्रू आधी हलला, तर त्याच्या पाठीमागे जवळच्या पल्ल्यात उडी टाकता येते आणि उतरताना हव्या त्या दिशेला तोंड करता येते, त्यासाठी वेगळी चाल खर्च होत नाही. अशा वेळी आपल्याला 9 लागतात, पाठीचे चिलखत पातळ असते आणि शत्रूला परत मारण्याचे मार्ग फार थोडे उरतात.

आमच्या मंडळींपैकी एकाने पंचगंगेच्या काठाचा नकाशा आखला, तेव्हा वाद झाला तो उसावर. नियमांतले विरळ झाड लपायला मदत करते, कारण ते मेकइतके, म्हणजे सुमारे 12 मीटर उंच धरलेले असते. उभा ऊस तीन-चार मीटरचा, त्यामुळे मेकच्या गुडघ्यापलीकडे तो फारसे काही झाकणार नाही आणि त्याला झाडाचे गुण देणे मला पटत नाही. नदीचे मात्र वेगळे आहे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटीहून अधिक असल्यामुळे पाण्यात बुडालेले हीट सिंक दुप्पट उष्णता टाकतात, हा नियम भौतिकशास्त्राच्या दिशेशी जुळतो. पण ग्रिफिनचे 12 पैकी 11 हीट सिंक इंजिनातच असतात, पायांत नव्हे. शिवाय पाण्यात पाऊल टाकताना जास्तीची चाल लागते आणि घसरून पडू नये म्हणून फासेही टाकावे लागतात. तेव्हा नदीत उतरण्याचा मोह ज्यांच्या पायांत हीट सिंक आहेत त्या मेकांनीच करावा. ग्रिफिनच्या चालकाने काठाने पळत राहणे बरे.