मॉर्गन प्लस ८

मॉर्गन मोटर कंपनीने १९६८ ते २००४ या काळात बनवलेली उघडी, दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यात मॅल्व्हर्न लिंक येथे कंपनीचा कारखाना आहे. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी तीनचाकी गाड्यांपासून १९१० च्या सुमारास हा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो अनेक दशके त्यांच्या कुटुंबाकडेच राहिला.

या गाडीचा जन्म अडचणीतून झाला. आधीच्या ‘प्लस ४’ला ट्रायम्फ कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन बसवत. ट्रायम्फने सहा सिलिंडरचे इंजिन आणले, पण ते मॉर्गनच्या बॉनेटखाली मावण्यासारखे नव्हते. फार लांब होते. त्याच सुमारास रोव्हर कंपनीने मॉर्गन विकत घेण्याची तयारी दाखवली. संस्थापकांचे चिरंजीव पीटर मॉर्गन यांनी कंपनी विकायला नकार दिला, मात्र रोव्हरचे नवे व्ही-८ इंजिन (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर) मागून घेतले. मुळात अमेरिकेतील ब्यूक कंपनीचे हे ३,५२८ घन सेंमी क्षमतेचे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही हलके होते. ते बसावे म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जेमतेम पाच सेंमी वाढवावे लागले. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास आणि इंजिनाची ताकद सुमारे १६० अश्वशक्ती. त्यामुळे १९३० च्या दशकातली वाटणारी ही गाडी ताशी २०० किमीपर्यंत पळे आणि वेग पकडण्यात आपल्या काळातल्या कितीतरी महागड्या गाड्यांना मागे टाकी.

मॉर्गनची चॅसिस, म्हणजे चाके आणि इंजिन पेलणारी गाडीची खालची चौकट, लाकडाची असते, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. प्लस ८ ची चॅसिस पोलादी आहे. लाकूड आहे ते बॉडीच्या सांगाड्यात. ॲश जातीच्या लाकडाचा हा सांगाडा सुतार हाताने जोडत आणि त्यावर पत्रा चढवला जाई. ॲश चिवट असते, वाकते पण सहजी मोडत नाही.

पुढच्या चाकांचे सस्पेन्शन, म्हणजे रस्त्याचे हादरे झेलणारी यंत्रणा, तर कंपनीच्या पहिल्या तीनचाकीपासूनचे. चाकाचा आस उभ्या खांबावर स्प्रिंगच्या आधाराने वर-खाली सरकतो. मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. चाकांना वर-खाली व्हायला फारशी जागा नसल्याने खराब रस्त्यावर चांगलेच हादरे बसतात. या गाडीचे कौतुक करताना हे दडवू नये. पण रस्ता जसा आहे तसा चालकाला जाणवतो, आणि चाहत्यांना तेच हवे असते.

गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबत. १९९० मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात उद्योगपती सर जॉन हार्वी-जोन्स यांनी उत्पादन वाढवा, कारखाना आधुनिक करा, असा सल्ला दिला. मॉर्गन कुटुंबाने तो जाहीरपणे नाकारला. कारागिरीचा वेग माणसाच्या हाताने ठरावा ही त्यांची भूमिका होती, आणि कंपनी तगली हे पाहता ती निव्वळ हट्टाची म्हणता येत नाही. तरी बदल झालेच: पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, १९८४ पासून इंधन अंतःक्षेपण (इंधन दाबाने फवारून इंजिनाला पुरवणारी यंत्रणा) मिळू लागले आणि १९९० मध्ये इंजिन ३.९ लिटरचे झाले.

रोव्हरच्या इंजिनाचे उत्पादन थांबल्यावर २००४ मध्ये प्लस ८ बंद झाली. २०१२ मध्ये तेच नाव बीएमडब्ल्यूचे ४.८ लिटर व्ही-८ इंजिन असलेल्या गाडीला देण्यात आले; तिची चॅसिस ॲल्युमिनियमची होती, बॉडीचा सांगाडा मात्र ॲशचाच.